एका समुपदेशकाचा तीन वर्षांचा पगार: गोव्यातील देवस्थान समित्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील देवस्थान समित्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार आणि समस्त महाजन यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो. आमसभेत शेवटी ठेवलेल्या विषयाला गणपूर्ती उरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. आपल्या देवस्थानाने परिसरातल्या शाळांसाठी एका समुपदेशकाचा पगार उचलावा. निदान तीन वर्षे उचलावा. एकट्याला झेपत नसेल तर शेजारच्या दोनतीन देवस्थानांनी मिळून उचलावा. आणि त्या बदल्यात फोटो, पाटी, सत्कार किंवा मुलांची नावे यांतले काहीही मागू नये. शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे, म्हणून पत्र लांबले आहे.

मी स्वतः महाजन, म्हणजे देवस्थानाचा वंशपरंपरागत सभासद, आहे. नोकरी बँकेत झाली आणि निवृत्त झाल्यापासून तरुण मुलांसाठी समुपदेशन चालवणाऱ्या एका छोट्या ट्रस्टच्या वह्या सांभाळतो. त्यामुळे देणाऱ्यांच्या पंगतीतही बसतो आणि घेणाऱ्यांच्याही. ट्रस्टचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या तालुक्यात जी विश्वासाची संस्था असेल, तिच्यासाठी हे मागणे समजा.

देणगी म्हटली की आपल्याला काय सुचते ते मला पाठ आहे. सभामंडपाला ग्रॅनाइट, गर्भकुडीच्या दाराला चांदी, अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, नव्या खोल्या, जत्रेला रोषणाई. मुलांसाठी काही करायचे ठरले तर जूनमध्ये वह्यावाटप आणि दहावी-बारावीच्या निकालानंतर गुणवंतांचा सत्कार. यात वाईट काहीच नाही. फक्त सत्काराच्या दिवशी ज्यांचे नाव पुकारले जात नाही ती गावातली मुले त्या संध्याकाळी कुठे असतात, हा प्रश्न एकदा समितीच्या बैठकीत विचारून बघावा. वह्या देणे सोपे, कारण वही मोजता येते. समुपदेशक एका मुलाशी पाऊण तास बोलतो तेव्हा मोजायला काही उरत नाही, आणि म्हणून त्या कामाला पैसा मिळत नाही. माझ्या अनुभवात देणगीदाराची अडचण पैशाची फार कमी वेळा असते. दिलेले दिसत नाही, ही अडचण असते.

आता आपल्या पिढीचा नेहमीचा प्रश्न. मुलांना कसला आलाय ताण? खायला आहे, मोबाइल आहे, दारात स्कूटर आहे. उत्तरासाठी लांब जायला नको.

गावातले मूल चौथीपर्यंत सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकते. पाचवीत गेले की विज्ञान, गणित, इतिहास सगळे इंग्रजीत. कालपर्यंत हात वर करणारे पोर अचानक मागच्या बाकावर सरकते. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात मोबाइलने वाट लावली. कुणीतरी शेजारी बसून 'तुला नेमके कुठे अडते ते सांग' असे विचारायला हवे असते, ते होत नाही. नववीपर्यंत गप्प राहणे अंगवळणी पडते, आणि मग आपण म्हणतो, पोरगे घुमे आहे.

खाणपट्ट्याचे आणखी वेगळे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मधे सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांत कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्या कर्जांच्या फायली बँकेत माझ्या टेबलावरूनही गेल्या. फायलीत थकलेल्या हप्त्याला रकाना असतो. घरात त्या वर्षी काय बोलले गेले, बाप संध्याकाळचा कुठे जाऊन बसू लागला, आईचे दागिने कधी गेले आणि सातवीतल्या मुलाने यातले किती ऐकले, याला रकाना नसतो. ती मुले आज विशीत आहेत. काही सावरली, काही मोबाइलवरच्या जुगारात अडकली. किनारपट्टीवर आणखी तिसरे चित्र. वडील बोटीवर नाहीतर आखातात, वर्षाचे बरेच महिने घरात पुरुष माणूस म्हणजे फोनच्या पडद्यावरचा चेहरा.

आकडे फार देत नाही, दोनच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. त्या सर्वेक्षणात गोवा नव्हता. पण तेच प्रमाण धरले तर तीनशे मुलांच्या शाळेत वीस-बावीस मुले झाली. दुसरा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. यावर मी काही लिहिण्याची गरज नाही.

आपण म्हणाल, यात देवस्थानाचा काय संबंध? देवस्थानाकडे हे विषय आजही येतात, फक्त आपण त्यांची नोंद ठेवत नाही. रात्री झोप न लागणारी मुलगी, परीक्षेच्या आधी हातपाय गार पडणारा मुलगा, कामावर जायचेच नाही म्हणून खोलीत कोंडून घेतलेला तरुण, यांना घेऊन आईवडील आधी कुठे येतात? डॉक्टरकडे नाही. ते देवळात येतात. गाऱ्हाणे घालतात, प्रसाद लावतात, कौल मागतात. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळ मनोविकारांसाठी सरकारी संस्था आहे, तिथे चांगले डॉक्टर आहेत, पण 'बांबोळीला नेले' म्हटले की गावात काय चर्चा होते ते आपण सगळे जाणतो. देवळात यायला लाज नाही. म्हणूनच पहिला माणूस देवळातला भेटतो, आणि बहुतेक वेळा तो पुरोहित असतो.

कौल मागू नका असे मी म्हणत नाही. मी स्वतः मागतो. म्हणणे इतकेच की, गाऱ्हाणे घातल्यावर त्या घराला पुढचा दरवाजाही दाखवता यावा. पुरोहितांना आणि देवस्थानाच्या कर्मचाऱ्यांना एक दिवसाचे प्रशिक्षण द्या. कोणत्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायचे नाही, 'मला जगायचे नाही' असे कुणी म्हणाले तर हसण्यावारी न नेता काय विचारायचे, कुठे पाठवायचे, इतकेच शिकवायचे आहे. आणि अग्रशाळेच्या दर्शनी भिंतीवर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, दिवसरात्र आहे, फुकट आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ ही बालमदतवाहिनी. या दोन ओळी रंगवून घ्यायला आमसभेचा ठराव लागत नाही.

'सरकार आहे ना' हा पुढचा आक्षेप. आहे. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांत समुपदेशक पाठवण्याचे काम बरीच वर्षे चालू आहे आणि त्यातल्या काहींचे काम मी जवळून पाहिले आहे, मन लावून करतात. शाळा अनेक, माणसे मोजकी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांविषयीच्या निकालात देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. परीक्षेच्या दिवसांत आणि शिक्षणाचा टप्पा बदलताना मुलांच्या छोट्या गटांना ठरावीक मार्गदर्शक असावेत, असेही त्यात आहे. आपल्या गावातल्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या आत आहे. त्यांनी बाहेरच्या ज्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचे, तो तज्ज्ञ कोण आणि त्याला पगार कोण देणार? माझे पत्र नेमके त्या जागेसाठी आहे.

एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून, हेही विचारले जाते. याचे उत्तर आपल्याच राज्यात सापडले आणि जगाने वाचले, आपण मात्र फारसे वाचले नाही. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या 'संगात' या संस्थेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नीट प्रशिक्षण दिले, त्यांच्यावर सतत देखरेख ठेवली आणि नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत ठरावीक पद्धतीने बोलायला लावले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे प्रौढांवरचे काम होते, ते मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाही. पण गावातली शहाणी, कोंकणी-मराठी बोलणारी, ऐकून घेण्याची सवय असलेली बाई किंवा बाप्या योग्य देखरेखीखाली हे काम करू शकतो, इतके त्यातून नक्की कळते. 'देखरेखीखाली' या शब्दाला पैसे लागतात, त्याकडे हिशेबात येतोच.

भाषेचा मुद्दाही इथेच. समुपदेशकाने इंग्रजीत विचारले तर आपली मुले 'फाइन' म्हणून मोकळी होतात. घरच्या भाषेत विचारले तर थोडा वेळ गप्प बसतात आणि मग बोलतात.

समुपदेशनाइतकेच मला मेंटॉरविषयी सांगायचे आहे, कारण देवस्थानाकडे पैशाहून जास्त असलेली गोष्ट म्हणजे माणसे. निवृत्त शिक्षक, बँकवाले, परिचारिका, वीज खात्यातले लोक, सप्ताहात रात्रभर भजन करून सकाळी कामावर जाणारे तरुण. मेंटॉर म्हणजे आठवड्यातून तासभर एका मुलासाठी राखून ठेवणारा मोठा माणूस. त्याने उपदेश करायचा नाही. पखवाज शिकवा, पेटी शिकवा, फुटबॉल खेळा, फॉर्म भरायला मदत करा, नाहीतर नुसते चहा घेत बसा. मूल बोलायला लागेल तेव्हा ऐका, आणि जे आपल्या आवाक्याबाहेरचे वाटेल ते समुपदेशकाच्या कानावर घाला.

याचा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही तिथली जुनी संस्था मुलांना असा मोठा मित्र मिळवून देते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते १६ वयाची ९५९ मुले होती. काहींना लगेच मेंटॉर दिला, काहींना प्रतीक्षायादीत ठेवले आणि दीड वर्षाने दोन्ही गट तपासले. मेंटॉर मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना पहिल्यांदा हात लावण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघाले. हा आकडा सगळेच देणगीदारांना सांगतात. त्याच मुलांच्या माहितीचा पुन्हा अभ्यास होऊन २००२ मध्ये जे बाहेर आले, ते कमी सांगितले जाते. ज्यांची जोडी वर्षभर किंवा जास्त टिकली त्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. ज्यांची जोडी पहिल्या तीन महिन्यांतच मोडली, त्यांना स्वतःविषयी आधीपेक्षाही कमी वाटू लागले होते.

हे वाक्य देणगी देणाऱ्याने दोनदा वाचावे. बाप बोटीवर असलेल्या मुलाला आपण एक दादा मिळवून दिला आणि निधी संपला म्हणून किंवा उत्साह संपला म्हणून तोही तीन महिन्यांत दिसेनासा झाला, तर मुलाच्या हिशेबात सोडून जाणाऱ्यांत एकाची भर पडते. त्यापेक्षा न सुरू केलेले बरे. म्हणून मी तीन वर्षांवर अडून बसलो आहे. वर्षभराचा 'उपक्रम' हवा असेल तर वह्याच वाटा, त्याने निदान नुकसान होत नाही.

आता हिशेब. हे अंदाज माझे आहेत, आपल्या भागाप्रमाणे वरखाली करा. दोनतीन शाळा सांभाळणाऱ्या पूर्णवेळ समुपदेशकाला महिना ३०,००० रुपये धरा. याहून कमी दिलेत तर तो सहा महिन्यांत दुसरीकडे जाईल आणि जावेच. वर्षाचे ३,६०,०००. प्रवास आणि फोन महिना ४,००० प्रमाणे ४८,०००. महिन्यातून दोनदा ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून प्रत्येक अवघड प्रकरण तपासून घेणे, ही ती देखरेख, तिचे ६०,०००. मेंटॉरांचे प्रशिक्षण, छपाई, किरकोळ मिळून ३२,०००. एकूण पाच लाख. दरवर्षी पगारात दहा टक्के वाढ दिली तर तीन वर्षांचे सोळा लाखांच्या आसपास. तीन देवस्थाने एकत्र आली तर प्रत्येकी महिन्याला पंधरा हजारांच्या आत. जत्रेच्या एका रात्रीच्या ध्वनी-प्रकाशाचा आकडा आपापल्या वहीत काढून याच्या शेजारी ठेवा. मी तो इथे लिहिणार नाही, नाहीतर आमच्याच समितीत बसणे कठीण होईल.

देखरेखीचे साठ हजार सगळे आधी कापायला बघतात. कृपा करून ते कापू नका. रोज दुसऱ्यांचे दुःख ऐकणाऱ्या माणसाला आपले ऐकणारे कुणी नसेल तर एक तर तो थकून जातो, नाहीतर चुकीचा सल्ला देऊ लागतो.

आणि पगार हा 'ॲडमिन खर्च' आहे, आम्ही फक्त मुलांवर खर्च करू, असे म्हणणाऱ्या दात्यांना काय सांगावे? समुपदेशनात मुलांवर खर्च करण्याची दुसरी वस्तूच नाही. माणूस हाच खर्च. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, नियमांतही प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापनाला, प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याच्या खर्चाला नाही. आपले जे महाजन उद्योजक आहेत, त्यांनी हे आपल्या हिशेबनिसाकडून तपासून घ्यावे. वर्षाला पाच कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावेच लागतात, आणि कायदा आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो. देवस्थानाच्या जोडीला अशी एखादी कंपनी आली तर भार हलका होईल. वैयक्तिक दात्यांसाठी सांगायचे तर देणगीवर करसवलत देणारी ८०जी ची पावती जुन्या करप्रणालीत उपयोगी पडते, नव्या प्रणालीत तिचा लाभ नाही, आणि दोन हजारांवरची रोख देणगी कुठल्याच हिशेबात सवलतीला धरली जात नाही. चेकने द्या.

पैसे ठेवण्याविषयी बँकवाल्याचा सल्ला ऐका. तीन वर्षांची रक्कम पहिल्याच वर्षी बाजूला काढून मुदत ठेवीत टाका आणि महिन्याचा हप्ता संस्थेकडे आपोआप जाईल अशी व्यवस्था करा. समितीची मुदत तीन वर्षांची असते, आणि मागच्या समितीचे चांगले काम नव्या समितीने बंद पाडणे ही आपली जुनी खोड आहे. मुलांचा त्या राजकारणाशी संबंध नाही. देवस्थाने १९३३ च्या कायद्याखाली चालतात, मामलेदार प्रशासक आहेत, तेव्हा हा खर्च ऐनवेळचा म्हणून दाखवू नका. अंदाजपत्रकात त्याचे स्वतंत्र शीर्ष घाला आणि आधी कचेरीत विचारून घ्या. नियमात बसत नाही असे उत्तर आले, तर देवस्थानाच्या निधीला हात न लावता महाजनांची वेगळी वर्गणी काढा. जत्रेत एक वेगळी फंडपेटी ठेवा आणि तिच्यावर पैसे कशासाठी ते स्पष्ट लिहा. लोक देतात. ज्या पेटीवर काही लिहिलेले नसते तिच्यातही देतात.

'देवाचा पैसा देवासाठी' असे सभेत कुणीतरी म्हणणार. त्यांना पणजीच्या मुष्टिफंड संस्थेची आठवण द्या. पोर्तुगीज अमलात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, घरोघरून मूठमूठ तांदूळ गोळा करून आपल्या लोकांनी मुलांच्या शाळा चालवल्या. ज्या घरांनी ती मूठ दिली, तीच घरे देवळातही देत होती. शिक्षण हे देवाच्या पैशातून करण्याचे काम आहे की नाही, असा वाद त्यांनी घातल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आता मागू नये त्या गोष्टी. मागे एका मोठ्या देणगीदाराने, नाव नको, आमच्या ट्रस्टला चांगली रक्कम देऊ केली. अट एकच. वार्षिक कार्यक्रमात 'लाभार्थी' मुलांपैकी पाचसहा जणांनी मंचावर येऊन आपण कसे सावरलो ते सांगावे. आम्ही नको म्हटले, रक्कम आली नाही. तो माणूस वाईट नव्हता. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांतून त्याला दुसरी रीत कुणी दाखवलीच नव्हती. पण गावात एका मुलीने मंचावर उभे राहून 'मला नैराश्य होते' असे सांगितले की तिच्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत ते वाक्य तिच्या पाठीमागे फिरते, आणि त्यानंतर त्या शाळेतले एकही मूल समुपदेशकाच्या दारात येत नाही.

तेव्हा समितीने विचारायचे असेल तर हे विचारावे. महिन्यात किती मुले आली, किती जण पुन्हा आली, किती जणांना पुढे डॉक्टरकडे पाठवले, देखरेखीच्या बैठका झाल्या की नाही, किती मेंटॉर टिकले आणि किती गळाले. नावे नाहीत, इयत्ता नाही, वाडा नाही. लहान गावात इयत्ता आणि वाडा सांगितला की नाव सांगितल्यासारखेच असते. आपल्या स्वतःच्या नातवाविषयीही विचारू नका.

गुप्ततेला अपवाद आहेत आणि ते समितीला माहीत असावेत. मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना आणि डॉक्टरांना कळवावेच लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांकडे नोंद करणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. तिथे 'घरातली गोष्ट आहे, आपसात मिटवू' म्हणून समुपदेशकावर दबाव आणायला महाजन गेले, तर ते स्वतः अडचणीत येतील. आरोपी महाजनच निघाला तरी. हे वाक्य लिहायला मला आवडले नाही, पण लिहिल्याशिवाय पत्र पुरे होत नाही. गोव्याला २००३ पासून स्वतःचा बाल कायदाही आहे. ज्या संस्थेला पैसे द्याल तिच्याकडे मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी धोरण आहे का, मेंटॉरांची पोलीस पडताळणी होते का, भेटी उघड्या जागी होतात का, हे आधी बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेची (आरसीआय) नोंदणी मागून घ्या, खरा माणूस रागावत नाही.

खोली देवळात नको. अग्रशाळा रिकामी असते, म्हणून मोह होतो. पण देवळाच्या आवारात कोण आले, कोण गेले हे साऱ्या गावाला दिसते, आणि शाळेतली ख्रिश्चन किंवा मुसलमान मुले तिथे येताना बिचकतील. खोली शाळेत असावी, नाहीतर पंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात. चर्चशी जोडलेल्या संस्था समाजकार्यात आपल्याआधीपासून आहेत. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा वाटू नये. मूल कुठल्याही घरचे असो, पैसा देवस्थानाचा आहे हे त्याला कळलेच पाहिजे असे नाही.

फोंडा तालुक्याचेच बघा. कवळे, रामनाथी, बांदोडा, नागेशी, मंगेशी, म्हार्दोळ, सगळी देवस्थाने एकमेकांपासून स्कूटरवर काही मिनिटांच्या अंतरावर. एवढी मोठी संस्थाने एकमेकांना इतकी जवळ असलेली दुसरी जागा गोव्यात नाही. दोनतीन समित्यांच्या अध्यक्षांनी एका संध्याकाळी एकत्र बसायचे ठरवले तर सुरुवात इथून होऊ शकते. डिचोली-सत्तरीत आणि पेडण्यात देवस्थाने लहान, उत्पन्न कमी, पण गरज जास्त. तिथे पूर्ण पगार नाही जमला तर समुपदेशकाचा प्रवासखर्च आणि दहा चांगले मेंटॉर द्या. तेवढ्याने संस्थेचा मोठा भार उतरतो.

आमच्या देवस्थानाच्या येत्या आमसभेत हा ठराव मी मांडतो आहे. अनुमोदक मिळाला आहे. विरोधात कोण उठणार तेही साधारण ठाऊक आहे, त्यांच्यासाठी वरचा हिशेब मोठ्या अक्षरात छापून नेणार आहे. कुणाला ठरावाचा मसुदा हवा असेल तर आपल्या समितीच्या लेटरहेडवर मागवा, म्हणजे मलाही सभेत दाखवता येईल.

आपला नम्र,
अंत्रुज महालातला (फोंडा) एक महाजन